आक्काची मोटार सगळ्यात शेवटी

आक्काचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसलो होतो. बाहेर नांदेडातली डिसेंबरची सकाळ आणि आत एसी. तिनं कसा आहेस, काय चाललंय, काही विचारलं नाही.

"डीपी जळली," ती म्हणाली.

"पुन्हा?"

"पुन्हा. आन ह्या डावाला तुझ्या दाजींनी बोली केली हाय. आजून एकदा जळली तर वावर दुसऱ्याला बटईनं लावायचं आन पुण्याला जायचं. म्या हाव म्हणून बसले."

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लोह्याजवळच्या एका गावात दिलेली. दाजी बस चालवायचे, आता निवृत्त झालेत आणि त्यांचं सगळं मन पुण्यात, पोराकडं, नातवाजवळ. आक्काचे गुडघे दुखतात म्हणून पोरगं तिकडं खालच्या मजल्यावरचं घर शोधत होतं. आक्काचं मन मात्र हळदीत. डिसेंबर म्हणजे हळदीचे कंद भरायचे दिवस, पाण्याची ओढ बसली की गेलीच. आणि डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, जळला की सगळ्या शिवारातल्या मोटारी मुक्या होतात.

मी म्हणालो, "मी येतो."

"तू येऊन काय करनार? तू कॉम्प्युटरवाला."

"लिनक्सवाला."

"तेच ते," म्हणून तिनं फोन ठेवला.

तेच ते नाही, हे घरच्यांना समजावण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. लातूरला शिकायला होतो तेव्हा एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी मी खोलीतल्या जुनाट कॉम्प्युटरात घातली. ते लिनक्स होतं. कॉम्प्युटर चालवणारी अख्खी प्रणाली, आणि ती कशी लिहिलीय हे कुणीही उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मी तेव्हा फार काही उघडून बघणारा नव्हतो, पण बघता येतं म्हटल्यावरच अंगात वारं भरलं.

लातूरला त्या काळात भारनियमन जोरात. मी काहीतरी लिहीत असलो की लाईट जायची. परत आली की लिनक्स आधी सगळी डिस्क पहिल्यापासून तपासत बसायचं, आणि मी पडद्याकडं बघत डाळभात खायचो. मग नवी आवृत्ती आली. तिच्यात काम करता करताच कुठवर आलोय याची खूण ठेवायची सोय होती. लाईट गेली, आली, आणि कॉम्प्युटर लगेच उठून उभा. मी खोलीत इतका नाचलो की मालकीणबाई जिना चढून वर आल्या आणि परीक्षेत पहिला आलास काय म्हणून विचारलं. त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, असं मी त्यांना सांगितलं. लाईट जाणारच, हे गृहीत धरून कुणीतरी, कुठंतरी, हे बनवलं होतं. म्हणजे ती माणसं आपल्यातलीच होती. मला आजही हे सांगताना तसंच होतं.

तेव्हापासून कुणाचा कॉम्प्युटर संथ झाला की मी पेनड्राइव्ह घेऊन हजर. लग्नात आहेर द्यायला गेले तरी हे कुणाच्या तरी लॅपटॉपपाशी सापडतात, अशी बायकोची तक्रार आहे. ती खरी आहे. शाळांमध्ये धडधाकट कॉम्प्युटर नवी प्रणाली झेपत नाही म्हणून अडगळीत पडलेले बघितले की माझं डोकं फिरतं. त्यांत लिनक्स घाला, ते आणखी कितीतरी वर्षं चालतील. आपण वीज वाचवा म्हणून खोलीतला दिवा बंद करतो, आणि ज्याला बनवायला ढीगभर वीज लागली ते यंत्र भंगारात काढतो. अशी पत्रं मी बऱ्याच कार्यालयांना लिहिली आहेत. पोच मात्र प्रत्येक वेळी मिळते, हे कबूल केलं पाहिजे.

त्या रविवारी गावी पोचलो तर शिवारात शांतता. जळलेली डीपी तात्यांच्या बांधावर, खांबावर तशीच. तात्या म्हणजे त्या डीपीवरचे सगळ्यात जुने शेतकरी. आमचं नातं काही नाही, पण गावात सगळे त्यांना तात्याच म्हणतात. बांधाखाली लाईनमन उभा होता आणि त्याच्याभोवती निम्मं गाव.

"नवी डीपी आठवड्यात येईल," तो म्हणाला. "पन तुमी ऑटो काढत न्हाईत तवर मी किती डीप्या बसवू? कवाधरनं सांगून राहिलो, ऑटो काढा, ऑटो काढा."

"हाव, काढतो," सगळे म्हणाले.

हे ऑटोचं प्रकरण समजून घ्यायला हवं. शेतीची लाईन दिवसभर नसते. काही तासच येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. वेळ ठरलेली असली तरी ती आपल्या मर्जीनं येते. माणसानं तिची वाट बघत विहिरीवर किती बसावं? म्हणून प्रत्येकानं मोटारीच्या स्टार्टरला ऑटो जोडलेला. लाईन आली की मोटार आपोआप सुरू. माणूस घरात पांघरुणात, पाणी वावरात. सोय झकास आहे, आणि डीपी जळते ती याच सोयीनं. मोटार उठताना क्षणभर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. एक उठली, दोन उठल्या, तर डीपी सोसते. पण सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठल्या की ती बसते.

मी आक्काला बाजूला घेऊन विचारलं, "तू तुझा ऑटो काढलास का?"

"म्या काहून काढू? बाकीच्यांनी काढल्यावर माज्या एकटीचा ऱ्हायला तर डीपीला काय धाड भरती?"

"असं सगळेच म्हणत असतील."

"म्हणतेत ना. म्हणून तर म्या काढला न्हाई."

मी हसायला लागलो आणि हसता हसताच थांबलो. हे मी कुठंतरी बघितलं होतं. कुठं म्हणजे माझ्याच बँकेत. सकाळी सगळ्या शाखा एकाच वेळी उघडायच्या, सगळे कॉम्प्युटर एकदम जागे व्हायचे आणि नव्या माहितीसाठी एकाच वेळी मुख्य सर्व्हरच्या दारात जमायचे. सर्व्हर गुदमरायचा. त्यावरचा इलाज मला लिनक्सवाल्यांच्या एका मेलगटात मिळाला. इलाज म्हणजे फक्त एक ओळ. प्रत्येक यंत्राला सांगायचं, बाबा, उठल्याबरोबर धावू नकोस, थोडा थांब, आणि प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबायचं. ती ओळ पाठवणारा कोण, कुठल्या देशातला, मला आजतागायत माहीत नाही. त्यानं ती फुकट दिली, मी वापरली, आणि सकाळचा गोंधळ मिटला.

आता ती ओळ मला या शिवारात दिसायला लागली. ऑटो काढायचाच कशाला? राहू दे ना. त्याला फक्त थांबायला शिकवायचं. मला बांधावर उडी मारावीशी वाटली आणि मी मारलीही.

"इच्चू चावला काय?" आक्का म्हणाली.

परत येताना गाडीत मी स्वतःशीच भाषण ठोकत होतो. ऑटो काढा, हे सांगणं बरोबर आहे पण ते चालणार नाही, कारण त्यात माणसानं स्वतःची सोय सोडून शेजाऱ्याचं भलं करावं अशी अपेक्षा आहे. एखाद-दुसरा करेल, सगळे नाही करणार. आपली बरीचशी धोरणं अशीच फसतात. चांगलं धोरण ते, ज्यात आळशी माणूस आळशी राहूनही बरोबर वागतो. आणि शेतीला रात्रीची लाईन द्यायची हे ठरवणारे स्वतः रात्री झोपलेले असतात, हाही मुद्दा मी मोठ्यानं मांडला. सोलरचं येऊ द्या, जोरात येऊ द्या, सूर्य कुणाकडं लायसन मागत नाही. आक्काच्या शेजारच्या एका शिवारात सोलरपंप बसलाय, तो दिवसाउजेडी पाणी ओततो ते बघून मला भरून येतं. पण सगळ्यांच्या वावरात तो पोचेपर्यंत ही एक डीपी सगळ्यांची आहे, आणि सगळ्यांची वस्तू कशी वापरायची हेच तर मी लिनक्सकडून शिकलो. माझ्या भाषणाला टाळ्या वाजवायला गाडीत कुणी नव्हतं.

आठवडाभर मी घरच्या टेबलावर पसारा मांडला. पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर, त्यात लिनक्स, त्याला स्टार्टरची तार. लाईन आली की तो स्वतःच एक आकडा काढणार, तेवढा वेळ थांबणार, मग मोटार उठवणार. चहा करायला आचाऱ्याची भट्टी पेटवावी तसला प्रकार होता, पण मला त्यातच आनंद. पुढच्या रविवारी तो डबा घेऊन मी गावच्या शाळेत गेलो. डीपीवरचे सगळे जमले होते. शाळेच्या टीव्हीला मी माझा लॅपटॉप जोडला आणि समजावून सांगायला लागलो. माझा आवाज मला जरा जास्तच मोठा वाटत होता, पण आवरत नव्हता.

तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बापू, माजी मोटार कवा उठवायची हे डब्यात कोन ठरवनार?"

"प्रोग्राम ठरवणार, तात्या."

"तो कुनी लिव्हला?"

"मी."

"तू तर आक्काचा भाऊ."

सगळी शाळा हसली. आक्का सगळ्यात जास्त हसली. मी घाईघाईनं म्हणालो की यात लपवलेलं काही नाही, सगळं उघडं आहे, बघा, आणि अख्खा प्रोग्राम टीव्हीवर आणला. तात्या उठून टीव्हीजवळ गेले, चष्मा वर-खाली करून बघितलं.

"तुला दिसत आसंल बाबा. मला मुंग्याच दिसून राहिल्या," ते म्हणाले. "ज्याच्या आतलं मला कळत न्हाई, ते माज्या हिरीवर नको."

मी लॅपटॉप मिटला. कारण गेली वीस-पंचवीस वर्षं मी भेटेल त्याला हेच ऐकवत आलो होतो. आत काय चाललंय ते मला बघता येत नाही, ते माझ्या घरात नको. शब्द फक्त तात्यांचे. खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला आनंदच झाला, इतका की मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत माझ्या बाजूचा माणूस मला गावात भेटला होता, आणि तो माझ्याच विरोधात बोलत होता.

"तात्या, बटण फिरवून वेळ लावायचा, आकडे समोर दिसणार, असं असलं तर चालेल?" मी विचारलं.

"पंख्याच्या रेग्युलेटरसारखं?"

"तसंच."

"मंग काय हरकत न्हाई."

असा टायमर लोह्यात जळक्या मोटारी भरून दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात काचेच्या कपाटात पडून होता. त्यात लिनक्स नव्हतं, काहीच नव्हतं, एक बटण आणि त्याभोवती आकडे. बायकोनं फोनवर विचारलं, "मग तुमच्या लिनक्सचं काय झालं?" मी म्हणालो, कल्पना लिनक्सची आहे. ती म्हणाली, बरं. प्रत्येकानं आपापला टायमर आणायचं ठरलं आणि मला वाटलं, झालं, संपलं.

पण आमच्याकडं इतक्यात काही संपत नाही. पहिलं कोण, हा प्रश्न निघाला. पोळ्याला तोरणाखालून पहिला कुणाचा बैल जाणार यावरून ज्या गावात वर्ष-वर्ष बोलणं बंद होतं, त्या गावात मोटार पहिली कुणाची हा काही छोटा प्रश्न नव्हता. एक म्हणाला, माझी विहीर खोल, पहिला मान माझा. दुसरा म्हणाला, तुझी आधी उठली तर माझ्या विहिरीचं पाणी ओढून घेईल. तिसरा म्हणाला, डीपी तात्यांच्या बांधावर आहे, त्यांचं पहिलं. यावर चौथा उठून चप्पल घालायला लागला. मी फळ्यावर खडूनं दाखवत होतो की पहिल्या आणि शेवटच्या मोटारीत चहा पिण्याइतकाच फरक पडेल, लाईन तर तासन् तास असते. कुणी फळ्याकडं बघत नव्हतं.

तेवढ्यात आक्का उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

"माजी शेवटी लावा," ती म्हणाली. "माज्या हळदीला घडीभर दम निघंल. डीपी जळल्यावर तिला दम निघायचा न्हाई, आन मलाबी न्हाई."

तिच्या पुण्याला जाण्याची बोली सगळ्या गावाला माहीत होती. बसलेले सगळे खाली बघायला लागले. तात्यांनी घसा साफ केला.

"गावची सून शेवटी आन मी पहिला, हे काई बरं दिसत न्हाई. माजी तिच्या अगुदर लावा."

मग खोल विहिरीवाला म्हणाला, माझीही मागंच असू द्या. चप्पल घालणारा परत येऊन बसला आणि म्हणाला, आपल्याला काही घाई नाही. आता पहिलं कुणीच व्हायला तयार होईना, आणि यावरून पुन्हा तेवढाच आरडाओरडा सुरू झाला. शेवटी आक्कानंच दम दिला, "तात्या, डीपी तुमच्या बांधावर हाय, तुमी पहिले. गुमान बसा आता." तात्या गुमान बसले. मी फळा पुसून टाकला.

नवी डीपी बसली तो आठवडा दिवसाच्या लाईनचा होता. मी बँकेतून रजा काढून गेलो. गाव तात्यांच्या बांधावर गोळा झालं होतं, पण मी आक्काच्या विहिरीवर, शिवाराच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो. लाईनचा शेवटचा खांब तिथंच. दाजीही आले होते. विहिरीच्या कठड्यावर बसून फोन बघत होते. पोरानं पुण्याच्या घराचे फोटो पाठवले होते. खालचा मजला, दारात एक झाड. घरमालकाला संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं.

"चांगलं हाय," दाजी मला दाखवत म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आडपडदा नव्हता, चांगलंच होतं ते. आक्कानं फोटो बघितला नाही. ती स्टार्टरच्या पेटीसमोर उभी होती.

पेटीवरचे दिवे लागले. लाईन आली.

आणि काहीच झालं नाही. एवढी वर्षं त्या गावात लाईन आली की एकाच क्षणी सगळं शिवार घुमायला लागायचं. आज लाईन आली होती आणि शिवार गप्प होतं. पाखरांचा आवाज येत होता. सगळं गाव एका वेळी थांबलंय, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मग लांबवर तात्यांची मोटार उठली. थोड्या वेळानं तिच्या अलीकडची. मग तिच्या अलीकडची. आवाज एकेक वावर ओलांडत आमच्याकडं यायला लागला. मी बोटांवर मोजत होतो, बँकेतल्या कुठल्याच पडद्यानं मला इतका आनंद दिला नव्हता. शेजारची उठली. आता फक्त आक्काची राहिली.

ती उठेना.

"माजी बंद पडली," आक्का म्हणाली आणि तिचा हात हिरव्या बटणाकडं गेला.

"थांब," मी म्हणालो.

तिनं हात मागं घेतला. पदरात गुंडाळून घट्ट धरून ठेवला. दाजी कठड्यावरून उठले. पेटीत खट्ट झालं, विहिरीतून घरघर आली, पाइपनं आधी वारा फेकला, मग लाल पाणी, मग स्वच्छ. मी टाळ्या वाजवत होतो. आक्काचे डोळे भरले होते, पण ती पाइपाच्या तोंडाशी वाकून उगीचच पालापाचोळा काढत बसली.

तिचा फोन वाजला. तात्या होते.

"तुजी उठली का?"

"उठली."

"मंग झालं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दाजींनी पाइपाखाली तोंड धुतलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलं आणि पोराला फोन लावला. "हाव, फोटू पाहिला. झाड बी पाहिलं. चांगलं हाय... पन घेऊ नको. न्हाई सांग त्याला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "न्हाई, जळली न्हाई," दाजी म्हणाले. मग माझ्याकडं पाठ करून, जरा हळू आवाजात, "हळद निघाली की येतो नातवाला पाहायला. आठ दिस ऱ्हातो."

आक्का फावड्यानं पाणी दुसऱ्या सरीत वळवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी कशाला जाता? त्यालाच आना म्हणावं हिकडं. हळद शिजवायला."

दाजींचा फोन कानालाच होता. पाणी त्यांच्या पायाशी आलं होतं, ते बाजूला झाले नाहीत.

"ऐकलंस का?" ते फोनमध्ये म्हणाले. "तुजी माय काय म्हणती ते?"